सहा ग्रॅम कमी

१

टर्र्र.

सगळं घर झोपेत असताना पत्र्याची चिमणी स्वयंपाकघराच्या फरशीवर चार पावलं चालली आणि टेबलाच्या पायाला धडकून थांबली. मग किल्लीची बारीक करकर. मग पुन्हा टर्र्र.

मी चहाचं आधण ठेवत होते. टेबलाखाली माझी पाच वर्षांची लेक मांडी घालून बसली होती. केस पिंजारलेले, चिमणी पोटाशी.

"पिल्लू, अजून उजाडलं नाही गं. जा, झोप."

"आज बाटली उठणार ना? म्हणून मी पण उठले."

बाटली उठणार होती हे खरं. आमच्या घराच्या खालच्या तीन खोल्यांत अत्तरं बनतात, आणि चाळीस दिवसांपूर्वी मी माझं स्वतःचं पहिलं मिश्रण तिथे मुरायला ठेवलं होतं. वरून मिरी आणि वेलची, पोटात लवंग-दालचिनी, तळाला चंदन, देवदार, वाळा, व्हॅनिला आणि लॅब्डॅनम नावाची मधासारखी चिकट राळ. नवं मिश्रण कच्चं असतं, त्यातला प्रत्येक वास आपलंच घोडं पुढे दामटत असतो. अंधारात, थंडाव्यात, न हलवता ठेवलं की हळूहळू ते एकमेकांचं ऐकायला लागतात. पाच वर्षांच्या मुलीला हे कसं समजावणार? मी सांगितलं होतं, बाटली झोपली आहे, आवाज करायचा नाही. रोज संध्याकाळी मी त्या कपाटासमोर स्टूल टाकून तापमान लिहून घ्यायचे. खरं तर लिहायला एक मिनिट लागतं. मी अर्धा तास बसायचे.

चार दिवसांनी मोठ्या दुकानांच्या खरेदीदार बाई येणार होत्या. माझ्या सासूबाईंना घरात आणि कारखान्यात सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी शब्द दिला होता, मिश्रण पसंत पडलं तर वासाचं टेबल तुझं.

वासाचं टेबल म्हणजे अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांचं, तीनशे कुप्यांचं. तिथे माझी थोरली जाऊ नऊ वर्षं बसली. ताईंचं नाक माझ्यापेक्षा तिखट, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाई तरी आठवड्यातून दोनदा सांगायच्या. मग दालचिनीच्या तेलाने ताईंच्या हातांना फोड यायला लागले. कातडीने एकदा दालचिनीशी वैर धरलं की ते सुटत नाही. थेंब लागला तरी दुसऱ्या दिवशी बोटं लाल. ताई टेबलावरून उठल्या, वर घरात आल्या आणि माझी मुलगी सांभाळू लागल्या. त्यांच्या खुर्चीवर मी बसले, तात्पुरती. त्यांची खुर्ची मला, माझी मुलगी त्यांना, असं कुणी कधी म्हणालं नाही. मीच मनात म्हणायचे.

पिल्लू त्यांना 'मोठी आई' म्हणते. म्हणजे मी कोण, छोटी?

सात वाजता बाई, आमचे रसायनवाले मास्तर आणि मी खालच्या थंड कपाटासमोर उभे होतो. बाईंनी कुलूप काढलं. मी दोन्ही हातांनी बाटली उचलून मेजावर ठेवली, बुचावरचा दोरा सोडला, काळा कागद उतरवला.

मिश्रण सोनेरी असायला हवं होतं.

बाटलीत शाई होती.

२

"हे अत्तर आहे की दौत?" मास्तर म्हणाले. वीस वर्षं ते कुठल्याही प्रसंगी पहिलं वाक्य असंच बोलत आलेत. कुणी हसलं नाही.

मी कागदी पट्टी बुडवली. पट्टीवर जरा जास्तच चढलं. नाकाशी धरली. मिरी आली, वेलची आली. जरा थांबले. लवंग गरम, दालचिनी तिच्या शेजारी नीट बसलेली, आणि खालून चंदन आणि वाळा सावकाश वर येणारे. चाळीस दिवस ज्याची वाट पाहिली ते तंतोतंत तिथे होतं. फक्त काळं होतं.

"वासाला काही झालेलं नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"लोखंड," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लवंगेत युजेनॉल असतं, व्हॅनिलाचं सत्त्व असतं, आणि या दोघांना लोखंड भेटलं की शाई. म्हणून खोलीत लोखंडाचा चमचासुद्धा नाही. उंबऱ्यावर ताटली ठेवलेली आहे, केसांतल्या पिना, सुट्या चाव्या, काय असेल ते तिच्यात टाकून आत यायचं.

"काळं पाणी कोण अंगाला लावणार?" बाईंनी बूच लावलं. "मास्तर, वजन करा."

मास्तरांनी बाटली काट्यावर ठेवली आणि चष्मा वर केला. बाटलीच्या पोटावर चाळीस दिवसांपूर्वीची चिठ्ठी होती, बाईंच्या अक्षरात: दोन हजार सेहेचाळीस ग्रॅम.

काटा दाखवत होता दोन हजार चाळीस.

"सहा ग्रॅम कमी," मास्तर म्हणाले. आता त्यांनी विनोद केला नाही. सहा ग्रॅम म्हणजे फार नाही. पण दुसऱ्या कारखान्यातल्या चांगल्या नाकाला मिश्रण उलगडायला सहा ग्रॅम पुष्कळ झाले.

आणि तेव्हा मला दोरा आठवला. बाई बुचावर चपटी गाठ मारतात, टोकं आत खोचून. मी मघाशी सोडलेली गाठ दोन कानांची होती, एक टोक ओढलं की सुटणारी.

ती गाठ मी रोज सकाळी बघते. माझ्या मुलीच्या वेणीत.

३

मी लगेच बोलले नाही. रहस्य सोडवणारी माणसं आधी बाकीच्यांना विचारतात, म्हणून मीही विचारलं. खरं म्हणजे मला निकाल आधीच हवा होता, आणि तो कुठला हवा होता तेही ठरलं होतं.

मास्तर काट्याची तबकडी पुसत होते.

"मास्तर, तुमचं पण मिश्रण होतं ना या वर्षी? बाईंनी नाकारलेलं."

"होतं की. बाई म्हणाल्या, यात औषधाच्या दुकानाचा वास येतो." त्यांनी फडकं झटकलं. "बरोबरच होतं ते. माझा हात रसायनाचा, नाक बेतास बात. मला तुझा हेवा वाटला का विचारायचंय? वाटला. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने वांगी केली."

"मी कपाटासमोर नव्हते अशी कालचीच एक संध्याकाळ. तुम्ही कुठे होतात?"

"बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. सहा ते आठ. तू छापखान्यात होतीस लेबलांसाठी. घरात कोण होतं ते तूच बघ." मग जरा थांबून म्हणाले, "पण घाई करू नकोस. काल संध्याकाळी लोखंड घातलं आणि सकाळी शाई, इतकं उतावळं रसायन मी पाहिलेलं नाही."

"तुम्ही ताईंची बाजू घेताय."

"मी लवंगेची बाजू घेतोय."

बाई आपल्या खुर्चीत डोळ्यांत औषध घालून, मान मागे टाकून बसल्या होत्या. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "माझ्यावर पण संशय आहे का? असू दे. सून आपल्यापेक्षा बरं काही बनवते म्हटल्यावर सासूला गोड लागत नाही. पण मला नासवायचं असतं तर मी वास नासवला असता. ज्याने हे केलं त्याने वासाला धक्का लावलेला नाही."

"कपाटाची चावी?"

"माझ्या खोलीत खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांनी एक डोळा उघडला. "आणि एक सांगते. बाटली भरली त्या दिवशीही वजन चुकलं होतं. तुझा हात जड आहे. लॅब्डॅनम सहा ग्रॅम जास्त पडलं होतं. थोरलीचा हात असता तर थेंबाचा फरक पडला नसता."

ती टोचणी चाळीस दिवस माझ्या पोटात होतीच. ती पुन्हा एकदा नीट रुतली, आणि मी जिना चढून वर गेले.

४

ताई पिल्लूची वेणी घालत होत्या. डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली.

"हात दाखवा, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिल्लूच्या पाठीवर थोपटलं. "जा गं, चिमणीला गच्चीत फिरवून आण. तिला ऊन दाखव." पिल्लू चिमणी घेऊन पळाली. ताईंनी हात बाहेर काढला. अंगठा आणि दोन बोटं लालभडक, टोकांवर बारीक पुरळ. दालचिनी.

"काल संध्याकाळी कपाट उघडलंत?"

"उघडलं."

"बाटलीत काय घातलंत?"

"तार. तांब्याची, पुढे आकडा करून."

"तांब्याने शाई होत नाही."

"मग नसेल झाली."

"आणि काढलंत काय? सहा ग्रॅम कमी आहेत. तुमचा भाऊ पलीकडच्या शहरात अत्तराच्याच कारखान्यात आहे. मी बाटली भरली तेव्हाही तुम्ही पंधरा दिवस त्याच्याकडेच होतात. मी काय समजू?"

"तुला समजायचंय तेच समजशील." त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुझा एक थेंबही मी नेलेला नाही."

"मग सांगा ना, काय केलंत."

त्या गच्चीच्या दाराकडे पाहत राहिल्या. तिकडून टर्र्र, टर्र्र आवाज येत होता. आणि मला, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यापेक्षा खाली उभ्या होत्या.

दुपारी जेवणाच्या टेबलावर मी सगळं मांडलं. गाठ, बोटं, सहा ग्रॅम, भाऊ. दोघे भाऊ, म्हणजे आमचे नवरे, मालाच्या फिरतीवर होते. बाईंनी ताईंना एकदाच विचारलं, "खरं का हे?" ताई म्हणाल्या, "कपाट मी उघडलं हे खरं." बाईंनी ताट पुढे सारलं.

चारच्या बसने ताई भावाकडे निघाल्या. जाताना त्यांनी फळीवर एकेक वस्तू ठेवली. रिबिनींचा डबा, पिल्लूच्या खोकल्याचं औषध, आणि लहानशी पकड. चिमणीची किल्ली हरवल्यापासून ताई त्या पकडीनेच तिला पीळ द्यायच्या.

"ही खाली हत्यारांच्या पेटीत टाक," त्या म्हणाल्या. "आता लागणार नाही."

५

जिंकल्यावर घर किती शांत होतं.

पहिल्या दिवशी मी पिल्लूची वेणी घातली. ती म्हणाली, ओढतेय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मोठी आई आधी खोबरेल लावते, मग कंगवा. मी म्हटलं, मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. जेवताना तिने घास गालात धरून ठेवला, गिळेचना. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मोठी आई माझ्यामुळे गेली का?"

"नाही गं. तिचं तिचं काम होतं."

पिल्लूने घास गिळला, पण माझ्याकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, रुसली आहे. मला तेव्हाही हेवाच वाटत होता. चोरी करून गेलेल्या बाईसाठी माझी मुलगी उपाशी राहते, आणि मी समोर बसलेली असते.

मास्तरांचं ते वाक्य मात्र कुसळासारखं खुपत होतं. उतावळं रसायन. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी पहिल्याच दिवशी साक्षीची कुपी काढली होती. आमच्याकडे प्रत्येक मिश्रणातलं दहा ग्रॅम पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवतात, पुढे वाद झाला तर साक्षीला असावं म्हणून. ते सोनेरी होतं. त्यात मी गंजका खिळा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. सोनेरीच. फार तर खिळ्याभोवती चहासारखी एक रेघ.

तिसऱ्या दिवशी सगळं चहाच्या रंगाचं झालं. शाई अजून लांब होती.

मी ती कुपी खिडकीशी धरून उभी राहिले. बाटलीतली शाई एका संध्याकाळची नव्हती. आठवड्यांची होती. लोखंड आत गेलं ते काल-परवा नाही, मुळात बाटली झोपली तेव्हाच. काळ्या कागदाआड ती दिवसेंदिवस काळी होत होती, आणि बाहेर स्टुलावर बसून मी तापमान लिहीत होते.

आणि तेव्हा ताई पलीकडच्या शहरात होत्या. तो पुरावा मीच तर टेबलावर मांडला होता.

६

मी बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. दोन हजार सेहेचाळीस. त्याखाली बाईंनी बारीक अक्षरात लिहिलेलं: लॅब्डॅनम सहा जास्त, धाकटीचा हात.

बाटली रिकामी असते तेव्हा तिचं वजन आठशे चाळीस. ते तिच्या तळाला कोरलेलं आहे. साक्षीची कुपी भरून झाल्यावर मिश्रण बरोबर बाराशे उरायला हवं. आठशे चाळीस आणि बाराशे.

दोन हजार चाळीस.

मी खाली बसले. चोरी झालेल्या बाटलीचं वजन अगदी बरोबर होतं. चुकीचं होतं ते पहिल्या दिवशीचं. माझा हात जड नव्हता. सहा ग्रॅम कमी झालेच नव्हते. आधी सहा ग्रॅम जास्त आले होते, आणि बाटली उघडायच्या आदल्या संध्याकाळी तेवढेच बाहेर गेले. ताईंनी तारेच्या आकड्याने काहीतरी बाहेर काढलं. तेच, जे पहिल्या दिवशी आत पडलं होतं. लोखंडाचं, सहा ग्रॅमचं, अंगठ्याएवढ्या तोंडातून जाणारं.

त्या दिवशी खोलीत कोण होतं? बाई, मास्तर, मी. कुपी भरल्यावर बाई चिठ्ठी आणायला गेल्या, मास्तर हात धुवायला, मी बूच शोधायला. बाटली मेजावर उघडी. तिघांच्याही वस्तू उंबऱ्यावरच्या ताटलीत.

चौथं कुणी नव्हतं. मी तेच पुन्हा म्हटलं, आणि म्हणता म्हणता थांबले. ताई गावाला गेल्या होत्या. मग पिल्लू कुठे होती?

मेजाखाली. मीच तिला बसवलं होतं, चिमणी हातात देऊन. तिचे खिसे कोण तपासणार?

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. पकड अजून फळीवरच होती, पेटीत टाकायची राहिली होती. आता लागणार नाही, ताई म्हणाल्या होत्या. मी समजले होते, त्या जाताहेत म्हणून. पण बाटली उघडली त्या पहाटे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. करकर, आणि मग टर्र्र. महिनाभर हरवलेली किल्ली पिल्लूच्या हातात होती, आणि मी चहाचं आधण बघत होते.

पिल्लू गादीवर पालथी पडली होती. उशाशी चिमणी. चिमणीच्या पोटात गंजकी, लोखंडी किल्ली. मी ती काढून नाकाशी धरली. साबणाने घासून धुतलेली. मिरी, वेलची केव्हाच उडून गेलेली, लवंगही जवळजवळ गेलेली. पण लाकडाचे वास इतक्या सहजासहजी सोडून जात नाहीत. चंदन होतं. वाळा होता.

किल्ली काट्यावर ठेवायला मी खाली गेले नाही. गेले असते तरी सहाच भरली असती.

पिल्लू उठून बसली. माझ्या हातातल्या किल्लीकडे बघून तिचा चेहरा एवढासा झाला.

"मी रागावणार नाही," मी म्हणाले. "फक्त सांग. बाटलीत का टाकलीस?"

"टाकली नाही. दिली." ती बोटांशी चाळा करत म्हणाली. "तू म्हणालीस ना, बाटली आता झोपणार, चाळीस दिवस. चिमणी झोपली की किल्ली दिल्यावर उठते. म्हणून बाटलीला पण दिली. लवकर उठली की तू वर येशील."

मी किल्ली मुठीत धरून तिच्याशेजारी गादीवर बसले.

"मग सगळे म्हणाले उद्या उठणार. मी मोठ्या आईला म्हटलं, आता माझी किल्ली मला परत मिळेल ना? तर ती धावत खाली गेली. मला म्हणाली, कुणाला सांगू नको, आईने खूप जपलंय ते. आई रडेल."

ती मला नाही, त्यांना सांगायला गेली. एवढं सगळं कळल्यावर, सगळा हिशेब जुळल्यावर, मला पहिल्यांदा दुखलं ते हे.

७

मास्तरांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चोर साडेतीन फुटी." मग कपाटातून लिंबातल्या आम्लाची बरणी काढली. "याला लोखंडाची फार ओढ. पाण्यात विरघळवून मिश्रणाबरोबर हलवलं, की लोखंड पाण्यात उतरतं. तेलं वर राहतात. थोडाफार डाग राहील, पण शाई जाईल." ते सकाळपर्यंत धूत बसले. सूर्य वर आला तेव्हा बाटलीत जुन्या मधाचा रंग होता.

खरेदीदार बाई अकराला येणार होत्या. मी साडेआठला पिल्लूला चपला घातल्या.

"आज?" बाई म्हणाल्या. "त्या येणार, आणि बनवणारीच जागेवर नाही? टेबलाचं काय ठरलं होतं आठवतंय ना?"

"आठवतंय. वास तोच आहे, बाई. तो काही माझी वाट बघत नाही."

बाईंनी चिठ्ठीवरची ती बारीक ओळ नखाने खरवडली. धाकटीचा हात, एवढं निघालं. "तिला म्हणावं, मी पण विचारायला चुकले," त्या म्हणाल्या, आणि वळल्या.

ताईंच्या भावाचं घर दोन खोल्यांचं होतं. ताई दारातच कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. बोटांना मलम. पिल्लू धावत जाऊन त्यांच्या मांडीत घुसली, आणि मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, चपला काढू की नको असं करत.

मी किल्ली त्यांच्यासमोर ठेवली.

"कळलं तर," ताई म्हणाल्या.

"आठशे चाळीस आणि बाराशे मिळवता आले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं." मी खाली बसले. "ताई, मी चुकले. चारचौघांत चुकले. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू पोरीला बोलली असतीस."

"नसते बोलले."

"बोलली असतीस," त्या सहज म्हणाल्या. "त्या क्षणी बोलली असतीस. मग आयुष्यभर रडली असतीस." त्यांनी एक घडी मोडून परत घातली. "आणि सगळंच काही तिच्यासाठी नव्हतं. तिने मला सांगितलं, तुला नाही. ते मला फार बरं वाटलं. ते गुपित मला सोडवेना. तुझ्याकडे टेबल आहे, म्हटलं, माझ्याकडे हे असू दे."

"तुमच्या बोटांवर पुरळ दिसलं तेव्हा मला पण बरं वाटलं होतं."

"दिसत होतं तोंडावर."

आम्ही दोघी हसलो, थोडंसंच. मग त्या म्हणाल्या, "तार घालताना वास आला मला त्याचा. वाळा किंचित जास्त आहे."

"आहे का?"

"किंचित. पण बाकी," त्या थांबल्या, पिल्लूच्या विस्कटलेल्या वेणीकडे बघत राहिल्या, "बाकी असं आहे की मी त्या कपाटासमोर उभी राहून जळून गेले. मला असं कधी जमलं नव्हतं. किल्ली निघाली तरी मी बूच लावायला वेळ लावला."

माझा फोन वाजला. मास्तर होते. पलीकडे बाईंचा आवाज येत होता, कुणाला तरी बसा म्हणत होत्या. "दौत पसंत पडली," मास्तर म्हणाले. "टेबलाशी तुझ्या खुर्चीवरचं फडकं बदलू का, विचारतायत बाई." मी म्हटलं, दोन खुर्च्या मावतील का बघा. एक काट्यापासून लांब, जिथे हात लावावा लागणार नाही, नुसतं नाक लागेल. ताईंनी मान वर केली नाही, पण घडी तिसऱ्यांदा मोडली.

"लगेच नाही येणार मी," त्या म्हणाल्या. "राग आहे अजून. तो मुरू दे."

"किती दिवस?"

"ते काय कपाटात ठेवून कळतं?"

पिल्लूने किल्ली उचलून चिमणीच्या पोटात बसवली. ताईंनी कंगवा मागितला, मग हात मागे घेतला आणि कंगवा माझ्याकडे सरकवला. शेजारी खोबरेलाची बाटली ठेवली. मी आधी तेल लावलं. मग कंगवा. पिल्लू ओढतंय म्हणाली नाही. ती चिमणीला पीळ देत राहिली.

मग मान न वळवता म्हणाली, "आई, बाटली तर झोपलेली असायची. मी जागी असायचे. मग तू तिच्याजवळ का बसायचीस?"